बोलके पान

आपल्याकडे वाचन पुष्कळ काळपर्यंत कानांनीच होत असे. चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लागे. चौरंगावर पोथी ठेवून एकजण वाचीत असे आणि समोर बसलेली मंडळी ऐकत असत. त्यांपैकी कित्येकांना अक्षरओळखही नसे. तथापि ओव्यांमागून ओव्या त्यांना मुखोद्गत असत. मात्र वाचणाऱ्याचा घसा बसला किंवा तो परगावी गेला, तर त्या दिवशी पोथी बंद राही. ऐकणाऱ्याचे सारे वाचन असे दुसऱ्याच्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असे.

ज्यांना दृष्टी नाही, त्यांची अडचण नेमकी हीच होती. लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थाने उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा या अडचणीतून चांगली वाट निघाली. पुढे १९५१ साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एक समान पद्धती ठरविण्यात आली. ब्रेलचे मोल फार मोठे आहे. आपल्या बोटांनी शब्द वाचण्याचा व लिहिण्याचा आनंद दुसऱ्या कशात नाही. परंतु ब्रेल पुस्तके जाडजूड होतात, ती छापण्यास वेळ लागतो, आणि आज सकाळी प्रसिद्ध झालेला लेख संध्याकाळपर्यंत ब्रेलमध्ये हाती येईल अशी खात्री नसते.

मग यंत्रालाच वाचावयास शिकविले तर? ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने अठराव्या शतकात भाता, पत्ती आणि कातडी नळी यांच्या साहाय्याने शब्द काढणारे एक यंत्र बनविले व १७९१ साली त्याचे वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘व्होडर’ नावाचे विद्युत्‌यंत्र लोकांनी बोलताना ऐकले. पण त्याच्या पट्ट्या दाबण्यासाठी शिकविलेली व्यक्ती समोर बसवावी लागे. म्हणजे बोलत होते ते यंत्र, आणि वाचीत होता तो माणूसच! खरी मजल १९७६ साली गाठली गेली. रे कुर्झवाइल या अमेरिकन संशोधकाने त्या वर्षी असे यंत्र दाखविले, की ज्याच्या काचेवर छापील पान ठेवले असता ते अक्षरे ओळखी आणि पान मोठ्याने वाची. आकाराने ते कपडे धुण्याच्या यंत्राएवढे होते. आज तेच काम खिशातील फोन करतो. एवढेच नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी कार्यावली विनामूल्यही मिळते. ‘एनव्हीडीए’ नावाच्या अशा एका कार्यावलीचे काम २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी सुरू केले. ते स्वतः दृष्टिहीन आहेत.

एवढी साधने असताना अडचण कोठे उरली, असे कोणास वाटेल. ती कोठे उरते हे एका घरातील प्रसंगावरून ध्यानात येईल.

त्या घरातील थोरली बहीण नववीत होती. ती जन्मांध होती. धाकटा भाऊ सातवीत होता. बहिणीला दुसऱ्या दिवशी वर्गात गोदावरी नदीवर बोलावयाचे होते. मराठी विश्वकोशातील नोंदी आता संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. त्यांतील गोदावरीची नोंद तिला हवी होती. घरची जोडणी रात्री कित्येकदा बंद पडे, म्हणून ती नोंद पीडीएफ करून फोनवर ठेवण्याचे काम भावाने मोठ्या हौसेने अंगावर घेतले. त्याने पडद्याचा एकेक फोटो घेतला, सारे फोटो ओळीने जोडले आणि त्यांची नऊ पानांची पीडीएफ तयार केली. बहिणीने ती उघडली. फोन म्हणाला, “पान एक. चित्र. पान दोन. चित्र.” आणि गप्प बसला.

“अरे, तू मला लेख दिलास की कोरे कागद?” ती म्हणाली.

“ताई, कोरे कसे? सगळी अक्षरं स्वच्छ दिसताहेत मला.”

“तुला दिसताहेत रे. फोनला कुठे दिसताहेत?”

भाऊ ओशाळला. “असू दे. मीच वाचून दाखवतो,” तो म्हणाला.

“दाखवशील, ठाऊक आहे मला. पण एखादं वाक्य मला दहा वेळा ऐकायचं असतं. कधी मधलाच परिच्छेद हवा असतो. कधी पहाटे चारला जाग येते, तेव्हा ऐकायचं असतं. तेव्हा काय तुला उठवू?”

यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

फोनला ती पाने कोरी का वाटली? माणसाला कागदावरील ‘क’ दिसतो तो आकृतीच्या रूपाने. संगणक मात्र ‘क’ हे अक्षर अंकाच्या रूपाने साठवितो. पूर्वी हे अंक ठरविण्याची रीत जो तो आपापली चालवी. १९९१ साली ‘युनिकोड’ नावाची संकेतावली प्रथम प्रसिद्ध झाली, आणि जगातील लिप्यांना एकाच यादीत जागा मिळू लागल्या. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ क्रमांक दिलेले आहेत. त्यांत ‘क’चा क्रमांक २३२५ आणि आपल्या लाडक्या ‘ळ’चा २३५५. पुण्यातील संगणक असो की लंडनमधील, २३५५ म्हणजे ‘ळ’च. बोलणारी कार्यावली हे क्रमांक घेते आणि त्यांचे ध्वनी करते. फोटोमध्ये असे क्रमांक मुळीच नसतात. तेथे असतात केवळ काळे-पांढरे व रंगीत ठिपके. आंब्याचा फोटो आणि ‘आंबा’ या शब्दाचा फोटो यांत यंत्राच्या लेखी फरक नाही.

आता पीडीएफ म्हणजे काय हेही पाहिले पाहिजे. ‘पोर्टेबल डॉक्युमेंट फॉरमॅट’ या नावाची ती आद्याक्षरे होत. ॲडोबी या संस्थेने १९९३ साली ही पद्धती लोकांपुढे आणली. २००८ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. तिचा मूळ हेतू ऐकविणे हा नव्हताच. कोणत्याही यंत्रावर उघडले तरी पान हुबेहूब सारखे दिसावे, ओळ तुटू नये, चित्र सरकू नये, यासाठी ती निर्माण झाली. म्हणून पीडीएफमध्ये पानाच्या कोपऱ्यापासून अमुक अंतरावर अमुक आकृती काढावी, अशा आज्ञा असतात. अंतर मोजण्याचे माप इंचाचा ७२वा भाग एवढे लहान असते. छपाईखान्यातील जुळारी खिळे जुळवी, तसाच हा प्रकार समजावा. पुष्कळदा दोन शब्दांमधली मोकळी जागा ही नुसती जागा असते; तेथे शब्द संपला अशी नोंदही नसते. सुदैवाने या आकृत्यांबरोबर त्यांचे युनिकोड क्रमांक सांगणारा एक तक्ताही पीडीएफमध्ये ठेवता येतो. तो तक्ता असला व बरोबर असला, तर पान बोलते.

म्हणजे दिसावयास सारख्या अशा तीन प्रकारच्या पीडीएफ असतात. एकीत खरी अक्षरे असतात. दुसरीत निव्वळ चित्रे. आणि तिसरीत वर चित्र व त्याच्यामागे न दिसणारी अक्षरे असतात. या तिसरीविषयी पुढे येईलच.

त्या भावाने दुसऱ्या खेपेस काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रथम त्याने नोंद पुन्हा उघडली आणि शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश खाली नेली. हे आवश्यक असते, कारण कित्येक पानांचा खालचा भाग तेथवर पोहोचेपर्यंत आलेलाच नसतो. तसेच साठवल्यास अर्धा लेख हाती येतो. ‘अधिक वाचा’ असे लिहून काही परिच्छेद मिटून ठेवलेले असतील, तर तेही आधी उघडावे लागतात. मग त्याने वाचनाचे साधे दृश्य निवडले. अनेक ब्राउझरांत ही सोय असते. तिच्यामुळे जाहिराती, बाजूच्या याद्या आणि इतर पानांच्या वाटा नाहीशा होतात व केवळ लेख उरतो. पाहणाऱ्याला जाहिरातीचा त्रास थोडा होतो, तो नजर चुकवून पुढे जातो. ऐकणाऱ्याला मात्र ती पुरतीच ऐकावी लागते. नदीच्या उगमाचे वर्णन रंगात आले असता मध्येच चपलांची किंमत ऐकू आली, तर कोणाचेही लक्ष उडेल.

यानंतर त्याने छपाईची आज्ञा दिली. छपाईयंत्राच्या जागी ‘पीडीएफ म्हणून साठवा’ हा पर्याय निवडला. या मार्गाने पानातील अक्षरे अक्षरे म्हणूनच पीडीएफमध्ये उतरतात. काही ठिकाणी ‘प्रतिमा म्हणून छापा’ अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण झाली की साऱ्या मेहनतीवर पाणी पडते. त्याउलट शीर्षकांच्या व परिच्छेदांच्या खुणा राखण्याची सोय असेल, तर ती अवश्य घ्यावी. आपण पुस्तक चाळताना ठळक मथळ्यांवरून नजर फिरवितो. खुणा असलेल्या पीडीएफमध्ये ऐकणारा तसाच एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेऊ शकतो. खुणा नसतील, तर चाळीस पानांच्या पुस्तकात हवा तो भाग शोधणे म्हणजे अंधाऱ्या कोठारात सुई शोधण्यासारखे होते.

पीडीएफ तयार झाली, पण ती बोलकी आहे की नाही याची परीक्षा बाकी होती. एखाद्या ओळीवरून बोट किंवा दर्शक फिरवावा. एकेक शब्द रंगू लागला, तर खरी अक्षरे आहेत. सारे पान एकदम पाटीसारखे रंगले किंवा काहीच रंगले नाही, तर ते चित्र आहे. भावाच्या पीडीएफमध्ये शब्द रंगले. तो आनंदाने ओरडणार, तोच बहीण म्हणाली, “थांब. शोधून बघ. ‘नाशिक’ शोध.”

हा शब्द तिने उगाच सांगितला नव्हता. देवनागरीची एक मौज आहे. ‘नाशिक’ म्हणताना आपण आधी ‘श’ म्हणतो आणि मग त्याची ऱ्हस्व इ. युनिकोडातही क्रम तसाच आहे. लिहिताना मात्र वेलांटी ‘श’च्या आधी काढावी लागते. पीडीएफ तर चित्र काढण्याच्या क्रमाने चालते. तेव्हा आकृत्यांवरून अक्षरांकडे परत जाताना क्रम नीट लावला गेला नाही, तर ‘ना’नंतर सुटी वेलांटी, मग ‘श’, मग ‘क’ असा मोडका शब्द तयार होतो. पडद्यावर तो ‘नाशिक’च दिसतो, ऐकताना मात्र त्याचा पार चुराडा होतो. रफाराचेही तसेच. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ उच्चारावयाचा ‘य’च्या आधी, पण काढावयाचा त्याच्या डोक्यावर. इंग्रजी पानाला न होणारी दुखापत मराठी पानाला होते ती या कारणाने. म्हणून परीक्षेसाठी ऱ्हस्व वेलांटीचा, रफाराचा व जोडाक्षराचा एकेक शब्द घ्यावा. ‘नाशिक’, ‘सूर्य’ आणि ‘त्र्यंबकेश्वर’ हे तिन्ही शब्द शोधून सापडले, तर बव्हंशी काळजी मिटली. याहून पक्की परीक्षा हवी असल्यास एक परिच्छेद उचलून साध्या टिपणवहीत उतरवावा. तेथे जे दिसेल तेच यंत्र वाचणार.

जुन्या मराठी पीडीएफमध्ये आणखी एक विघ्न आढळते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी अनेक मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र, असा तो वेषांतराचा खेळ होता. डोळे फसत, आणि काम भागे. बोलणाऱ्या यंत्राला मात्र वेषांतर कळत नाही. ते आतील इंग्रजी अक्षरेच घडाघडा वाचू लागते. असा मजकूर आधी युनिकोडात रूपांतरित करून घ्यावा लागतो. त्यासाठी रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालणे बरे.

ज्याची मूळ अक्षरेच उपलब्ध नाहीत, उदाहरणार्थ जुन्या पुस्तकाचे पान, त्याचा तरी फोटोच घ्यावा लागतो. येथे अक्षरे ओळखणारी कार्यावली उपयोगी पडते. ‘टेसरॅक्ट’ या मुक्त कार्यावलीला मराठी वाचता येते. फोटोतील आकृती पाहून ती अक्षरांचा तर्क करते व ती अक्षरे चित्रामागे ठेवते. वर सांगितलेली तिसरी पीडीएफ ती हीच. पान सपाट व सरळ असावे, उजेड सारखा पडावा आणि एका इंचात ३०० ठिपके येतील इतकी प्रत सुस्पष्ट असावी. तरीही ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत यंत्र गोंधळते. ‘घर’चे ‘धर’ झाले तर वाक्यावरून अर्थ लागतो. आकड्यांत चूक झाली तर ती ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून अशा पीडीएफमधील सन व आकडे मूळ पानाशी कोणीतरी ताडून पाहिलेच पाहिजेत.

अक्षरे बिनचूक असली तरी आवाजाचा प्रश्न राहतो. हिंदी आवाजाला मराठी पान दिले, तर तो ते वाचील. पण ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळे आहेत, हे त्याला कोण सांगणार? पानाची भाषा मराठी अशी नोंदलेली असावी आणि फोनमध्ये मराठी आवाज निवडलेला असावा. चित्रे असतील, तर त्यांखाली काय आहे ते एका वाक्यात लिहिलेले असावे. गोदावरीच्या नकाशाखाली ‘नकाशा’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून बंगालच्या उपसागरास मिळणारी गोदावरी’ असे लिहिले, तर ऐकणाऱ्याच्या मनातही नदी वाहू लागते. वर्तमानपत्रासारखे दोन स्तंभांचे पान असेल, तर डाव्या स्तंभाची ओळ व उजव्या स्तंभाची ओळ एकात एक मिसळून वाचली जात नाही ना, तेही ऐकून पाहावे.

आणि खरे सांगावयाचे तर ऐकण्यासाठी पीडीएफ हीच सर्वांत उत्तम असे मुळीच नाही. निव्वळ ऐकावयाचे असेल, तर साध्या मजकुराची फाइल किंवा ‘ईपब’ पुस्तक देवनागरीला अधिक मानवते, कारण त्यांत अक्षरांचा क्रम मोडण्याचा प्रश्नच येत नाही. पण पीडीएफ सर्वत्र उघडते, तिची पाने बदलत नाहीत, आणि ‘चौथ्या पानावरचा दुसरा परिच्छेद’ असे शिक्षकांनी सांगितले की पाहणारा व ऐकणारा दोघेही एकाच जागी येतात. वर्गात एकत्र शिकणाऱ्या मुलांना हा लाभ लहान नाही.

दुसऱ्याचे पुस्तक असे बोलके करून देणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. जे छापील मजकूर नेहमीच्या रीतीने वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी सुगम प्रत करण्यास तिने वाट मोकळी केली. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश शहरी याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला; त्यास २०१४ साली मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. ही सवलत अशा वाचकांपुरती आहे. तिच्या नावाखाली इतरांनी पुस्तके फुकट वाटणे तिच्यात बसत नाही. साठविलेल्या प्रतीच्या आरंभी लेखकाचे नाव, मूळ ठिकाण व साठविल्याचा दिनांक लिहून ठेवावा.

त्या रात्री बहिणीने गोदावरीची नोंद तीन वेळा ऐकली. नदीची लांबी १,४६५ किलोमीटर हा आकडा तिने पुन्हा मागे जाऊन ऐकला व ब्रेलमध्ये टिपून घेतला. भाऊ तोवर झोपी गेला होता.

अभ्यास

१. फोटोंच्या पीडीएफमधील अक्षरे भावाला दिसली, परंतु फोनला वाचता आली नाहीत. याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. ‘मीच वाचून दाखवतो’ हे भावाचे म्हणणे बहिणीला पुरेसे का वाटले नाही?

३. बहिणीने शोधण्यासाठी ‘नाशिक’ हाच शब्द का निवडला? अशा परीक्षेस उपयोगी पडतील असे आणखी पाच शब्द सांगा.

४. ‘च’, ‘ज’ व ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार होतात असे शब्द शोधा आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.

५. या पुस्तकातील कोणतेही एक चित्र निवडा. ते न पाहू शकणाऱ्या मित्रासाठी त्याचे वर्णन दोन वाक्यांत लिहा.